माथ्यावरचे रान आणि बाबांची शीळ

माथेरानला जायचे ठरवलेत, तर स्वतःची मोटार घरीच ठेवा. ती तशीही दस्तुरी नाक्याच्या पुढे जाणार नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी वगळता इंजिनाच्या वाहनांना या डोंगराच्या माथ्यावर मज्जाव आहे. अलीकडे थोड्याफार ई-रिक्षा धावू लागल्या आहेत. बाकी घोडा, नाहीतर आपले पाय. त्यापेक्षा दादरहून पहाटेची कर्जत लोकल धरा आणि नेरळला उतरा. फलाटाच्या बाजूलाच दोन फूट रुंदीच्या रुळांवर, खेळण्यातली वाटावी अशी छोटी गाडी उभी दिसेल. हिवाळ्यातल्या सकाळी गाडीपाशी उभे राहून समोरच्या डोंगराकडे पाहिले, की एवढ्याशा इंजिनाने एवढ्या उंचीवर कसे जायचे, असा प्रश्न पडतो. १९०७ सालापासून ती जाते आहे, इतकेच उत्तर पुरेसे आहे.

आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १९०४ साली काम सुरू करून तीन वर्षांत ही रेल्वे उभी केली. त्याआधी, १८५० च्या मे महिन्यात, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि मुंबईच्या साहेबांना उन्हाळ्याची सावली सापडली. पुस्तकांत ‘मॅलेटने माथेरान शोधले’ असे छापलेले असते. धनगर, ठाकर आणि कातकरी मंडळी तिथे आधीपासून ये-जा करीतच होती, त्यामुळे हा शोध कोणासाठी, ते वाचकांनी ठरवावे. मला माथेरानचा मोठेपणा वाटतो तो दुसऱ्याच एका कारणाने. बेचाळीसच्या लढ्यातले भाई कोतवाल याच गावात १९१२ साली, नाभिकाच्या घरी जन्मले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. आम्ही मुले पहिल्यांदा इथे आलो, तेव्हा बाबांनी आम्हांला आधी हीच गोष्ट सांगितली होती. पॉइंट वगैरे नंतर.

बाबा गिरणीकामगार. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली होती, आणि तिथून चालत जाता येईल अशा गिरणीत ते कार्डिंग खात्यात होते. कार्डिंग म्हणजे कापूस पिंजून त्याचा पेळू करण्याचे खाते. कापसाच्या गासड्या फुटतात ती ब्लो रूम आणि त्यानंतरचे हे कार्डिंग, या दोन ठिकाणी गिरणीतली सर्वांत जास्त धूळ उडते. पाळी संपवून बाबा घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असत. धाकटा भाऊ त्यांना ‘म्हातारबाबा’ म्हणे, आणि बाबा कमरेत वाकून, काठी टेकल्याचा अभिनय करीत, खोकत खोकत चाळीच्या गॅलरीतून मोरीपर्यंत चालून दाखवत. सगळी चाळ हसे. त्यातला खोकला अभिनयाचा किती आणि खरा किती, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते.

मूळचे ते संगमेश्वराकडचे. डोंगर, ओढा, जांभा दगड आणि लाल माती यांत वाढलेला माणूस पोटासाठी धुरात आला, आणि वर्षातून एकदा शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाण्याइतकीच रजा त्याच्या नशिबी आली. माथेरानच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे. तीच लाल माती, तीच अंजनी, हिरड्या-जांभळीची दाट सावली. एका रविवारात जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर बाबांना आपले गाव सापडले होते. “कोकणाचा एक तुकडा वर ठेवलाय देवानं, पावसात वाहून जाऊ नये म्हणून,” असे ते म्हणत. दोन महिन्यांतून एखादा रविवार ठरलेला असे. डब्यात तांदळाची भाकरी, लसणीची चटणी, उकडलेली अंडी आणि कांदा.

छोट्या गाडीचे तिकीट आम्ही कधी काढले नाही. बाबांची गाडीशी पैज असे. गाडीने शिट्टी दिली की आम्हीही नेरळ स्थानकाबाहेरून चालू लागायचे, आणि अमन लॉजला कोण आधी पोहोचते ते पाहायचे. रूळ डोंगराला वळसे घालत एकवीस किलोमीटर जातात. पायवाट तेच वळसे कापत सरळ वर चढते. जुम्मापट्टीला आम्ही पुढे असू, वॉटर पाइपच्या आसपास गाडी आम्हांला गाठे, आणि तिच्यातल्या प्रवाशांना बाबा दोन्ही हात वर करून मोठ्याने विचारत, “काय मंडळी, ढकलायला उतरू का?” शेवटी गाडीच जिंके. दर खेपेला हरण्याचे एक नवे कारण बाबांकडे तयार असे. आज इंजिनाने चहा जास्त प्यायला होता. आज डोंगर गाडीच्या बाजूने थोडा वाकला होता. आज आईने चटणीत मीठ कमी घातले, त्यामुळे पायांत जोर आला नाही.

पैज असली तरी ते आम्हांला धावू देत नसत. चढताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, गोष्ट सांगणाऱ्याची गोष्ट तुटली की सगळ्यांनी थांबायचे, असा त्यांचा नियम होता. आज व्यायामशास्त्रातले जाणकार हीच कसोटी सांगतात: चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग योग्य, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. तुमच्याबरोबर लहान मुले किंवा वडीलधारी माणसे असतील, तर घड्याळाकडे न पाहता ही कसोटी लावा. उतरताना मात्र उलट खबरदारी घ्यावी लागते. तेव्हा दम लागत नाही, म्हणून माणूस भराभर उतरतो आणि सगळा भार मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. लहान पावले आणि हातात काठी, एवढे पुरते.

पावसाळ्यात या रानात एक पक्षी शीळ घालतो. शीळकरी कस्तूर त्याचे नाव. गडद निळा, जवळजवळ काळा. आणि आवाज असा, की एखादे उनाड पोर शाळा चुकवून ओढ्याकाठी बसले आहे आणि अर्धवट आठवणारी चाल शीळेवर वाजवते आहे. बाबा त्याला उत्तर देत. ओठांचा चंबू करून, डोळे मिटून, लांबलचक, सुरांत वरखाली होणारी शीळ. पक्षी थांबे. बाबा थांबत. मग पुन्हा दोघे. धुक्यात एक दिसत नाही आणि दुसरा भिजून चिंब झालेला, अशी ती जुगलबंदी आम्ही झाडाखाली छत्री धरून ऐकत असू. आईला हे पटत नसे. पावसात भिजल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते, ते तिला ठाऊक होते.

कारण दुसऱ्या दिवशी सोमवार असे, आणि सोमवारी बाबांची छाती भरून येई. संध्याकाळी घरी आले की जिन्यावरच बसत. बरगड्यांभोवती कोणी दोर आवळावा तसे वाटते, असे सांगत. मंगळवारी थोडे कमी, बुधवार-गुरुवारपर्यंत बरे. आईचा हिशेब सरळ होता. “काल डोंगर चढलात, वारं लागलं. आता तरी ऐका.” शेजारच्या खोल्यांतूनही तेच मत येई: वयात आलेल्या बाप्याने पोरांबरोबर रानात हुंदडू नये. बाबा आल्याचा काढा पीत आणि पुढच्या रविवारचे बोलत. मात्र ज्या आठवड्यांत आम्ही माथेरानला जात नव्हतो, त्या आठवड्यांतही सोमवार आवळलेलाच असे. ते कोणी मोजत नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर आले. त्या संपाचे पुढे काय झाले ते तुम्हांला सांगायला नको. आमच्या घरापुरते सांगायचे तर, पहिल्या दोन महिन्यांत आईच्या बांगड्या गेल्या, चौथ्या महिन्यात रेडिओ गेला, आणि गावाहून तांदळाचे पोते आले म्हणून चूल पेटत राहिली. शेजारची अर्धी बिऱ्हाडे गावी निघून गेली. माझे वय तेव्हा दहा. मला त्या वर्षातली उपासमार आठवायला हवी. आठवते ते माथेरान. नेरळपर्यंतच्या तिकिटाचे पैसे जमले की बाबा आम्हांला घेऊन निघत. आता रविवारचीही वाट पाहायची नव्हती. भाकरीबरोबर फक्त कांदा असे, आणि गाडीशी पैज पूर्वीसारखीच.

तिथल्या शार्लोट तलावापलीकडे एको पॉइंट आहे. दरीच्या कडेला उभे राहून ओरडले, की समोरचा कडा तुमचे शेवटचे शब्द परत करतो. एरवी तिथे बाबा ओरडत, “पाळी संपली काऽऽ?” आणि डोंगर म्हणे, “संपली काऽऽ”. बाबा आमच्याकडे वळून सांगत, बघा, हाही आमच्याच खात्यातला. संपाच्या त्या पावसाळ्यात आई आमच्याबरोबर होती. बाबा कड्याशी गेले आणि पोटातून ओरडले, “पगार झाला काऽऽ?” डोंगराने विचारले, “झाला काऽऽ”. आम्ही दोघे भावंडे हसून लोळलो. बाबाही हसले. आई हसली नाही. पदर तोंडाला लावून तलावाकडे तोंड करून उभी राहिली. बाबा तिच्याजवळ गेले, काय बोलले ते ऐकू आले नाही. परतताना उताराच्या सबंध वाटेवर ते तिचा हात धरून चालत होते. चाळीतल्या त्या काळात नवराबायकोने हात धरून चालणे ही काही साधी गोष्ट नव्हती.

आणि त्याच वर्षी बाबांचा खोकला थांबला. सोमवारची आवळण गेली. आईने त्याचे श्रेय गावच्या हळदीला दिले.

गिरणीत ते परत गेलेच नाहीत. आधी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक लहान कारखाना, मग रात्रपाळीची रखवाली. विडी मात्र सुटली नव्हती, ती रखवालीत वाढली. साठी उलटल्यावर दम लागू लागला, आणि २०१४ मध्ये छातीच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा निदान झाले सीओपीडीचे. म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा विकार. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आधी काय काम करीत होता, ते विचारले. कार्डिंग खाते म्हटल्यावर त्यांनी हातातले पेन खाली ठेवले आणि विचारले, “आजोबा, तेव्हा सोमवारी जास्त व्हायचं का?”

बाबांच्या आधी आईने मान डोलावली.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण म्हणजे सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. सुटीत श्वासनलिकांना धुळीची सवय मोडते आणि कामावर परतल्यावर त्या पुन्हा बिथरतात. आठवडा सरत जातो तसा त्रास कमी होतो. पुढे वर्षानुवर्षे तसेच काम केले तर मग आठवडाभर राहतो. सुरुवातीच्या काळात धुळीपासून माणूस दूर झाला, तर बरे वाटू लागते. इतक्या वर्षांनंतर फुप्फुसांच्या नुकसानीत धुळीचा वाटा किती आणि विडीचा किती, हे वेगळे काढता येणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितले. आईने एकच विचारले. “म्हणजे, डोंगरानं नव्हे?”

“डोंगरानं नव्हे,” त्या म्हणाल्या.

घरातल्या कोणाच्या आजाराचे कारण ठरवताना आपण सहसा त्याच्या आनंदाच्या गोष्टीवर बोट ठेवतो. भिजलास म्हणून, हिंडलास म्हणून, जागलास म्हणून. कामावर बोट ठेवणे परवडत नाही; कारण काम सोडता येत नाही. तुमच्या घरात पिठाची गिरणी, सुतारकाम, दगडखाण, रंगकाम, कापूस अशा धुळीतल्या उद्योगात कोणी असेल आणि त्यांना दम लागत असेल, तर डॉक्टरांना तो उद्योग आपणहून सांगा. आणि कोणत्या वारी जास्त होते, तेही.

पुढची गंमत व्यायामाची. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठ मिटत आणून, फुंकर घातल्यासारखा, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. अरुंद झालेल्या नळ्या त्यामुळे थोडा वेळ अधिक उघड्या राहतात, अडकलेली हवा बाहेर पडते आणि दम आटोक्यात येतो. डॉक्टरीणबाईंनी करून दाखवले. बाबांनी लक्ष देऊन पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे शीळ घालायची, फक्त आवाज न करता. हे मला पाखरानं शिकवलंय.” सहा मिनिटांत किती मीटर चालता येते ते मोजण्याच्या चाचणीत त्यांनी वाटेत वडापाव मिळेल का, अशी चौकशी केली. विडी त्यांनी त्या आठवड्यात सोडली. मला वाटते, ती डॉक्टरांच्या धाकाने सुटली नाही. ‘डोंगरानं नव्हे’ या दोन शब्दांचे ते बक्षीस होते. आता पुन्हा जायचे होते.

आणि आम्ही गेलो. माथेरान या बाबतीत सोयीचे आहे. उंची सुमारे आठशे मीटर, म्हणजे विरळ हवेचा त्रास होण्याइतकी नाही. आणि एकदा माथ्यावर पोहोचलात की पुष्कळ वाटा बऱ्यापैकी सपाट, सावलीच्या. श्वासाचा विकार असलेल्यांनी काळजी घ्यायची ती लाल धुळीची. डिसेंबरनंतर माती सुकते आणि घोड्यांच्या टापांनी, लिदीसकट, वर उडते. म्हणून पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, जेव्हा माती बसलेली असते. सकाळी घोडे निघण्याआधी चाला, बाजारातला मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटा धरा, मुखपट्टी जवळ ठेवा. हृदयाचा किंवा छातीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गंभीर प्रसंगी घाट उतरूनच खाली न्यावे लागते, हे विसरू नका. खाऊची पिशवी हातात उघडी धरू नका. माकडे तुमच्यापेक्षा चपळ आहेत.

बाबांची शेवटची खेप २०१८ च्या डिसेंबरातली. या वेळी छोट्या गाडीचे तिकीट काढले. पंचाहत्तराव्या वर्षी ते पहिल्यांदा त्या गाडीत बसले आणि वॉटर पाइपपाशी खिडकीतून डोके काढून पायवाटेकडे पाहत बसले. कोणी चालत येत नव्हते. “आज मी जिंकणार,” म्हणाले, “पण समोर कोणी नाही.” माथ्यावर दर शंभर पावलांवर थांबत, बिनआवाजी शीळ घालत, आम्ही शार्लोट तलाव गाठला. परतताना ते दमले. हातरिक्षावाले जवळ आले. माणसाने माणसाला ओढायचे, त्यात ते कधी बसले नव्हते, आणि त्या दिवशीही बसले नाहीत. कट्ट्यावर अर्धा तास टेकले. त्या रिक्षावाल्यांपैकी एक जण सारखा खोकत होता. बाबांनी त्याला शेजारी बसवून ओठांचा चंबू कसा करायचा ते शिकवले. त्याला नीट जमेना, शीळच वाजे. मग दोघेही वाजवत बसले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा मला तो खोकणारा माणूस आठवला. त्याला पुढे कोणते काम मिळाले असेल, आणि त्या कामात धूळ किती असेल?

२०१९ च्या पावसाळ्यात बाबा गेले. त्याच पावसाळ्यात नेरळच्या बाजूचे रूळही अतिवृष्टीने वाहून गेले. नेरळहून वर जाणारी गाडी पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. तेवढी वर्षे आम्हीही गेलो नाही. भाऊ म्हणे, तिथे जाऊन काय करायचे. घरात बाबांचा फोटो होता, हार होता, वर्षश्राद्ध झाले होते. पण चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या त्या नव्या घरात बाबा फारसे राहिलेच नव्हते. दुःखाला बसायला घरात जागा मिळत नसेल, तर माणूस चिडचिडा होतो, झोप उडते, गुडघे दुखू लागतात. आईचे तिन्ही झाले.

मागल्या नोव्हेंबरात आईनेच विषय काढला. ती आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. छोट्या गाडीने वर गेलो, दोन काठ्या घेतल्या, दोन तासांत जेवढे चालवेल तेवढेच चाललो. रस्त्यांवर कुठे कुठे मातीच्या विटांचे ठोकळे बसवलेले दिसले. त्यांवरून ती सावधपणे चालली आणि लाल मातीची वाट लागली तशी चपला काढून हातात घेतल्या. एको पॉइंटवर कॉलेजातल्या मुलामुलींची गर्दी होती. प्रत्येक जण आपापले नाव ओरडत होता आणि डोंगर निमूटपणे सगळ्यांची नावे घेत होता. आई कठड्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मुले पांगल्यावर तिने मला विचारले, संपाच्या वर्षी ह्यांनी इथे मला काय सांगितलं, ते तुला माहीत आहे का?

मी नाही म्हटले.

“म्हणाले, डोंगरालाही माहीत नाही पगार कधी होणार, मग आपण कशाला विचार करायचा. चल, भाकरी खाऊ.” एवढे बोलून ती हसली आणि कट्ट्यावर बसून डबा उघडला. चटणीत मीठ कमी होते. तिने ते मुद्दाम केले होते की वयामुळे झाले, हे मी विचारले नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती म्हणाली, पुढच्या खेपेला मे महिन्यात येऊ, जांभळे पिकायला लागतील तेव्हा. आणि पाण्याची बाटली हलकी आण, ही स्टीलची फार जड होते.